गोल्फचा पूर्ण कोर्स खेळण्यापूर्वी: नवख्या खेळाडूने काय सिद्ध करावे आणि कसे

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, काही आठवडे काढलेल्या नवख्या गोल्फपटूच्या मनात एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे आता अठरा होलच्या पूर्ण कोर्सवर उतरायला हरकत आहे का. त्याच्या पाठोपाठ एक अधिक वादाचा प्रश्न येतो: कोर्सवर उतरण्यापूर्वी आपली पात्रता कोणासमोर तरी सिद्ध करावी, अशी अट नवख्यांवर घालणे योग्य आहे का? माझे मत असे आहे, की अट असावी, मात्र ती लांब आणि सरळ फटक्याची नसावी. ज्याच्यामुळे कोणाला इजा होण्याचा संभव नाही, ज्याच्यामुळे मागचे खेळाडू खोळंबत नाहीत आणि जो आपल्या खुणा स्वतः बुजवून पुढे जातो, त्याने एका फेरीत १३० फटके घेतले तरी तो कोर्सवर खेळण्यास पात्र आहे. दोनशे यार्ड चेंडू मारणारा, पण दुसरा खेळत असताना कुठे उभे राहावे हे न कळणारा खेळाडू मात्र अजून काही दिवस रेंजवरच असलेला बरा. पुढील मार्गदर्शन याच समजुतीवर आधारलेले आहे.

निरनिराळ्या ठिकाणच्या अटी

या बाबतीत सर्वांत काटेकोर पद्धत जर्मनीत आहे. तेथे पूर्ण कोर्सवर खेळण्यासाठी बहुतेक क्लब ‘प्लाट्सराइफे’ नावाचे प्रमाणपत्र मागतात. हा सरकारी कायदा नाही. क्लबांनी आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने रूढ केलेला दंडक आहे. परीक्षेत नियमांची लेखी चाचणी, फटक्यांचे प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कोर्सवरील वागणूक असे भाग असतात, आणि तयारीसाठी क्लबच थोड्या दिवसांचे वर्ग चालवतात. म्यूनिक किंवा फ्रँकफुर्टला नोकरीनिमित्त गेलेल्या आणि तेथे गोल्फची ओढ लागलेल्या मराठी मंडळींनी हे आधीच ध्यानात घ्यावे, म्हणजे क्लबच्या दारातून परत फिरावे लागणार नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांनी अनेक क्लबांना जोडून असलेल्या छोट्या सार्वजनिक कोर्सवर सराव करावा, कारण तेथे ही अट सहसा नसते. स्वीडनमध्येही ‘ग्रीन कार्ड’ची अशीच परंपरा आहे.

स्कॉटलंड ही या खेळाची जन्मभूमी, आणि तेथे मात्र बहुसंख्य कोर्सवर कोणीही शुल्क भरून खेळू शकतो. सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर खेळायचे असेल तर हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) ३६ पर्यंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याच गावात बालगोव्ह नावाचा नऊ होलचा कोर्स खास नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी राखलेला आहे. मला ही व्यवस्था सर्वांत न्याय्य वाटते. जिथे गर्दी मोठी आणि कोर्स अवघड, तिथे अट. जिथे शिकायचे, तिथे दार उघडे.

आपल्याकडे सर्वांना लागू होईल अशी एकच पद्धत नाही. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब किंवा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब हे सदस्यांचे क्लब आहेत, तर सिडकोने विकसित केलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सदस्य नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येईल असा आहे. देशातील अनेक क्लब बाहेरून आलेल्या पाहुण्यांकडे हँडिकॅपचे प्रमाणपत्र मागतात. काही क्लबांत नव्या सदस्यालाही तेथील प्रशिक्षकाने, म्हणजे ‘प्रो’ने, होकार दिल्याशिवाय पहिल्या टीवर, म्हणजे पहिला होल जिथून सुरू होतो त्या जागेवर, जाऊ देत नाहीत. ही अट सदस्यत्वाच्या मोठ्या शुल्काच्या आणि लांबलचक प्रतीक्षायादीच्या जोडीला आणखी एक कुंपण ठरू नये, ही काळजी रास्त आहे. म्हणूनच चाचणी स्वस्त असावी, सहज देता यावी आणि नापास होणाऱ्याला आठवड्याभरात पुन्हा देता यावी, असा आग्रह नवख्यांनी आणि क्लबांच्या समित्यांनीही धरला पाहिजे.

पहिली पायरी: चौकशी

ज्या कोर्सवर खेळायचे आहे तेथे आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: नवख्यांना केव्हा प्रवेश असतो, हँडिकॅप किंवा प्रोचे पत्र लागते का, कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) घेणे सक्तीचे आहे का आणि पोशाखाचे नियम काय आहेत. बहुतेक ठिकाणी कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. शनिवार-रविवारची सकाळ नवख्याने टाळावी, कारण त्या वेळी कोर्स भरलेला असतो. आठवड्यातील कामाच्या दिवशी दुपारनंतरची वेळ मिळाली, तर मागे कोणी ताटकळत नसल्यामुळे शांतपणे शिकता येते. फक्त एप्रिल-मेमध्ये उन्हाचा आणि पावसाळ्यात विजांचा विचार करूनच वेळ ठरवावी.

दुसरी पायरी: रेंजवरची किमान तयारी

नियमांप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्या, ठेवता येतात, परंतु पहिल्या काही महिन्यांत त्यांतले अर्धेही लागत नाहीत. एक सात नंबरचा आयर्न, एक हायब्रिड, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि पटर (चेंडू होलकडे घरंगळवण्याचा क्लब) एवढ्यावर पूर्ण फेरी खेळता येते. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, शेवटी शिकावा. नवख्याचे सर्वाधिक वाकडे आणि म्हणून सर्वाधिक धोक्याचे फटके त्यानेच जातात.

तयारी मोजण्यासाठी मी पुढील मापे सुचवीन. सात नंबरच्या आयर्नने मारलेल्या दहा चेंडूंपैकी निदान सहा-सात चेंडू हवेत उठून साधारण ज्या दिशेला नेम धरला त्याच दिशेला जावेत. अंतर किती गेले याकडे लक्ष देऊ नये. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेपासून वीस-पंचवीस पावलांवरून मारलेला चेंडू बहुतेक वेळा ग्रीनवर थांबावा. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, दोन फटक्यांत बाहेर पडता यावे. दहा पावलांवरून पटरच्या तीन फटक्यांत चेंडू होलमध्ये जावा. यांपैकी पटिंगचा सराव नवखे सर्वांत कमी करतात, वास्तविक पटिंग ग्रीन बहुतेक क्लबांत विनाशुल्क किंवा अगदी कमी शुल्कात उपलब्ध असते आणि फेरीतील तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक फटके तिथेच खर्च होतात.

रेंजवर रबरी चटईवरून खेळण्याची सवय झालेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. चटईवर क्लब चेंडूच्या मागे टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. म्हणून कोर्सवर जाण्यापूर्वी काही सत्रे तरी खऱ्या गवतावर करावीत.

तिसरी पायरी: सुरक्षितता

या पायरीवर कोणतीही सवलत असू नये, असे मला मनापासून वाटते. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो, पण हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटू शकतो. तो डोक्यात किंवा डोळ्यावर बसला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या कोर्सवर खेळाडूंखेरीज बरीच माणसे असतात. फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बसून हाताने तण काढणाऱ्या बायका, पाण्याचे पाइप हलवणारे माळी, चेंडू कुठे पडतो हे पाहण्यासाठी पुढे गेलेले कॅडी, यांच्यापैकी कित्येकांची पाठ आपल्याकडे असते. तण काढणारी बाई खाली वाकलेली असल्यामुळे टीवरून तिची फक्त साडी झुडपासारखी दिसते, आणि नवखा खेळाडू चेंडूकडे इतका एकाग्र झालेला असतो की तिच्याकडे त्याचे लक्षच जात नाही. प्रत्येक फटक्यापूर्वी मान वर करून, ज्या दिशेला नेम आहे तिकडेच नव्हे, तर चेंडू चुकून जिकडे जाऊ शकतो त्या डाव्या-उजव्या पट्ट्यातही कोणी आहे का हे पाहावे. कोणी असेल तर कॅडीला आवाज द्यायला सांगावे, ती व्यक्ती बाजूला होईपर्यंत थांबावे आणि मगच खेळावे. ती माणसे पोटासाठी दिवसभर त्या उन्हात असतात, आपण चार तासांच्या करमणुकीसाठी आलेलो असतो. थांबायचे कोणी, याविषयी शंका असू नये.

पुढचा गट आपल्या पल्ल्याबाहेर गेल्याशिवाय फटका मारू नये, आणि पल्ला मोजताना आपला नेहमीचा नव्हे, तर आयुष्यातला सर्वांत लांब फटका धरावा. चेंडू कोणाच्याही दिशेने वळताना दिसला की क्षणाचाही विलंब न लावता ‘फोर!’ असे मोठ्याने ओरडावे. नवखे येथे संकोच करतात, म्हणून हा शब्द पूर्ण आवाजात ओरडण्याचा सराव रेंजवरच करून घ्यावा. दुसऱ्याने ‘फोर’ म्हटलेले कानावर आले, तर वळून पाहू नये. डोके हातांनी झाकून खाली वाकावे.

दुसरा खेळत असताना त्याच्या चेंडूच्या पुढे कधीही उभे राहू नये. तो ज्या बाजूला तोंड करून उभा आहे त्या बाजूला, क्लबच्या घेराबाहेर चार-पाच पावलांवर, त्याला दिसेल असे स्तब्ध उभे राहणे ही सर्वांत सुरक्षित जागा. सरावाचा स्विंग करतानाही क्लब कोणाच्या दिशेने फिरवू नये, कारण त्याने दगड-माती उडते. विजा चमकू लागल्या किंवा क्लबचा भोंगा वाजला, तर खेळ तत्काळ थांबवून क्लबहाउसकडे जावे. झाडाखाली आसरा घेऊ नये.

नवख्याने आपल्या प्रोला किंवा अनुभवी सोबत्याला सांगून या सर्व गोष्टींची तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा घ्यायला लावावी. क्लबची तशी अट नसली तरीही.

चौथी पायरी: पुरेसे नियम

सगळे नियमपुस्तक पाठ करण्याची गरज नाही. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे चेंडू गेला तर तो हद्दीबाहेर गेला असे समजून एका दंडासह, म्हणजे एक फटका जास्तीचा मोजून, पूर्वीच्याच जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणून चेंडू हद्दीबाहेर किंवा हरवल्याची शंका आली, की तसे सांगून तिथूनच दुसरा तात्पुरता चेंडू खेळून ठेवावा. लाल व पिवळ्या खुंट्या दंडक्षेत्र (तळे, ओढा यांसारखी जागा) दाखवतात आणि तेथून एका दंडासह बाहेर येता येते. चेंडू खेळण्याजोगा नाही असे वाटले, तर दंडक्षेत्राबाहेर कोठेही तो एका दंडासह हलवता येतो, बंकरमध्ये मात्र त्याचे पर्याय थोडे वेगळे आहेत. चेंडू खाली सोडायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात चेंडू मऊ जमिनीत स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसतो. बंकर आणि दंडक्षेत्र सोडून इतरत्र असे झाले तर दंडाशिवाय सुटका मिळते, हे नवख्यांना क्वचितच ठाऊक असते.

हरवलेला चेंडू शोधण्यासाठी २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. पूर्वी ती पाच होती.

पाचवी पायरी: वेग

नवख्यांविषयीची बहुतेक नाराजी वेगावरून असते, आणि ती दूर करण्याचा उपाय नवख्यांच्या हातात असतो, हे एका साध्या हिशेबावरून दिसते. एका फेरीत १३० फटके घेणारा खेळाडू प्रत्येक फटक्याला एक मिनिट लावत असेल, तर तो एकटाच १३० मिनिटे, म्हणजे दोन तास दहा मिनिटे खातो. त्याने वर्षभर मेहनत करून फटके ११० वर आणले आणि सवयी त्याच ठेवल्या, तर केवळ वीस मिनिटे वाचतात. उलट, १३० फटके तसेच ठेवून प्रत्येक फटका अर्ध्या मिनिटात उरकला, तर एक तास पाच मिनिटे वाचतात, आणि हे पहिल्याच दिवशी साधता येते. म्हणून कौशल्याच्या चाचणीपेक्षा वेगाची चाचणी घेणे क्लबांना अधिक उपयोगाचे आहे. नियमांतही प्रत्येक फटका चाळीस सेकंदांत, आणि शक्यतो त्याहून लवकर खेळावा, अशी शिफारस आहे.

हे साधण्याचा मार्ग असा. चेंडूपर्यंत चालत जातानाच अंतर पाहून क्लब ठरवावा. सरावाचा स्विंग एकच करावा. खिशात दोन जास्तीचे चेंडू आणि काही टी (पहिल्या फटक्यासाठी चेंडू ज्यांवर ठेवतात त्या काड्या) ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा पिशवीपर्यंत जावे लागत नाही. ग्रीनवर येताना पिशवी किंवा बग्गी पुढच्या टीच्या बाजूला ठेवावी आणि गुण ग्रीनवर उभे राहून न लिहिता पुढच्या टीवर गेल्यावर लिहावेत. मित्रांमधल्या फेरीत होलपासून जो दूर त्यानेच आधी खेळावे असा हट्ट न धरता जो तयार असेल त्याने सुरक्षितता पाहून खेळावे. सध्याचे नियम स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या खेळात, या पद्धतीला प्रोत्साहनच देतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेंडू केव्हा उचलायचा हे आधीच ठरवून घ्यावे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत, अजून हँडिकॅप नसलेल्या खेळाडूचा कोणत्याही होलवरचा गुण पार (त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या) अधिक पाच यापुढे मोजला जात नाही. म्हणजे पार चारच्या होलवर नऊ हा कमाल आकडा झाला. आठवा फटका मारूनही चेंडू होलमध्ये गेला नसेल, तर तो उचलावा, कार्डावर नऊ लिहावे आणि पुढे जावे. यात कमीपणा नाही. स्टेबलफोर्ड ही गुणपद्धती नेमक्या याच सोयीची आहे: होल बिघडला तर त्याचे शून्य गुण मिळतात आणि पुढचा होल नव्याने सुरू होतो. इंग्लंडच्या वॉलसी क्लबवर १९३२ साली डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ती स्पर्धेसाठी वापरात आणली, आणि नवख्याने पहिल्या काही फेऱ्या याच पद्धतीने मोजाव्यात असे मी सुचवीन.

मागचा गट सतत थांबतो आहे आणि आपल्यापुढे एक होल रिकामा पडला आहे असे दिसले, तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. मार्शलने येऊन सांगण्याची वाट पाहू नये.

सहावी पायरी: कोर्सची निगा

उंचावरून ग्रीनवर पडलेल्या चेंडूने छोटा खळगा पडतो. तो लगेच बुजवला तर गवत लवकर सावरते, नाहीतर तिथे दीर्घकाळ तपकिरी डाग राहतो. बुजवण्याचे दोन दातांचे काटे प्रो शॉपमध्ये मिळतात. काटा खळग्याच्या कडेला, त्याच्या बाहेरच्या अंगाला खोचावा आणि दांडा आत झुकवून कडेचे गवत मध्याकडे ढकलावे. असे चारही बाजूंनी करून शेवटी पटरच्या तळाने हलके दाबून सपाट करावे. बहुतेक नवखे काटा खाली घालून खळग्याचा तळ वर उचलतात, त्याने मुळे तुटतात आणि गवत मरते. फेअरवेवरून उडालेला गवताचा तुकडा परत जागी ठेवून पायाने दाबावा किंवा कॅडीकडच्या वाळूने खड्डा भरावा. बंकरमध्ये खालच्या कडेने उतरावे आणि बाहेर येताना आपली पावले दाताळ्याने सारखी करून दाताळे परत ठेवावे.

सातवी पायरी: लहान कोर्स, मग मोठा

रेंजवरून थेट अठरा होलवर उडी घेऊ नये. पार तीनचा छोटा कोर्स किंवा नऊ होलची फेरी जवळपास उपलब्ध असेल, तर आधी तिथे काही वेळा खेळून वेग आणि वागणूक अंगवळणी पाडावी. नऊ होल साधारण सव्वादोन तासांत, कोणालाही न खोळंबवता पूर्ण होऊ लागले, की पूर्ण कोर्ससाठीची पात्रता आपोआप सिद्ध झाली असे समजायला हरकत नाही. त्यानंतर पहिली मोठी फेरी अनुभवी सोबत्याबरोबर खेळावी. एका गटात दोनपेक्षा अधिक नवखे असू नयेत.

टी नेहमी सर्वांत पुढची निवडावी. बऱ्याच ठिकाणी ती लाल रंगाची असते आणि ती बायकांसाठीच आहे असा समज अनेक पुरुष उराशी बाळगून मागच्या टीवरून धडपडत राहतात. टी अंतराप्रमाणे निवडायची असते. दीडशे यार्डांपर्यंत चेंडू जाणाऱ्याने सहा हजार यार्डांहून लांब कोर्सशी झुंजण्यात त्याचा, सोबत्यांचा आणि मागच्यांचाही तोटा आहे.

कॅडी सोबत असेल तर त्याचे ऐकावे. त्याने त्या कोर्सवर हजारो फटके पाहिलेले असतात. ग्रीनचा उतार कुठे आहे, कोणत्या झाडामागे चेंडू सापडतो आणि केव्हा थांबायचे हे तो नवख्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले सांगतो. पहिल्या टीवरच त्याला आपण नवीन असल्याचे स्पष्ट सांगावे आणि वेग कमी पडला तर टोकण्याची विनंती करावी.

आठवी पायरी: कार्ड आणि हँडिकॅप

कोर्सवर नियमित खेळणे सुरू झाले, की हँडिकॅपची तयारी करावी, कारण दुसऱ्या क्लबवर पाहुणा म्हणून जाताना सर्वत्र समजला जाणारा पुरावा तोच आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४ आहे, स्त्री-पुरुष दोघांसाठीही, त्यामुळे नवख्यालाही तो मिळवता येतो. त्यासाठी एकूण ५४ होलचे गुण द्यावे लागतात. ते अठरा होलच्या तीन फेऱ्यांचे असोत किंवा नऊ-नऊ होलच्या सहा फेऱ्यांचे. प्रत्येक फेरी नियमांनुसार, निदान एका सोबत्याबरोबर खेळलेली असावी, आणि कार्डावर खेळाडूसह गुण तपासणाऱ्याचीही सही घ्यावी. वीस फेऱ्या नोंदल्या गेल्यावर त्यांतल्या सर्वोत्तम आठ फेऱ्यांवरून इंडेक्स निघतो, म्हणून एखादी वाईट फेरी नोंदवायला कचरू नये. उचललेल्या चेंडूंचे होलही प्रामाणिकपणे पार अधिक पाच असेच लिहावेत. क्लबच्या कार्यालयात हँडिकॅपचे काम पाहणारी व्यक्ती असते. पहिले कार्ड तिच्याकडे स्वतः नेऊन द्यावे आणि नोंद कशी होते हे समजून घ्यावे.